छागल : वैशाखाच्या उन्हात, अनोळखी पायवाटांवर

गेल्या वैशाखात मी कॅनव्हासची दोन लिटरची एक छागल विकत घेतली आणि तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, विजापूर रोडकडच्या सिद्धेश्वर वनविहारात मला ठाऊक नसलेल्या वाटांवर ती खांद्याला लावून हिंडलो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा एकदा चाळिशी ओलांडून गेला की बरेच दिवस खाली उतरत नाही, आणि अशा दिवसांत झाडीत शिरणाऱ्या माणसाजवळ पाणी किती आहे व ते पिण्याजोगे गार राहिले आहे का, या दोन प्रश्नांवर बाकी सारे अवलंबून असते. बाटल्या तर आज चौकाचौकांत मिळतात. त्यांच्या मानाने अत्यंत स्वस्त, फार जुनी आणि नव्या पिढीने बहुधा पाहिलेलीही नसलेली ही पिशवी या कसोटीला कितपत उतरते, ते मला स्वतः तपासून पाहायचे होते.

छागल म्हणजे जाड कापडाची, वर लहान तोंड आणि बूच असलेली पाण्याची पिशवी. ‘छाग’ म्हणजे बकरा. पूर्वी ही पिशवी बकऱ्याच्या कातड्याची असे, त्यावरून हे नाव आले आणि कातड्याच्या जागी कापड आले तरी नाव तेच राहिले. माझ्या लहानपणी मालट्रकच्या आणि जीपच्या बाहेरच्या अंगाला अशी पिशवी लटकलेली असायची. गाडी धावत असताना वारा तिच्यावरून जायचा आणि चालक थांबून त्यातले पाणी ओंजळीत ओतायचा, तेव्हा ते विहिरीतून आत्ताच काढल्यासारखे असायचे. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि ती दिसेनाशी झाली. मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, बाष्पीभवनाचा धडा दरवर्षी माठ दाखवून समजावला, पण छागल हातात घेऊन तो धडा मुलांना कधी दाखवला नाही, याची रुखरुख मला आहे.

खरेदीपासून सुरुवात करतो, कारण खरी चूक तिथेच होते. पहिली पिशवी मी एका मोठ्या दुकानातून घेतली. ती दिसायला सुबक होती, तिच्यावर रंगीत पट्टी होती, पण पाणी भरून खुंटीला लावली तेव्हा रात्रभरात निम्मे पाणी खाली ठेवलेल्या पातेल्यात गळून गेले, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तेच झाले. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. सोलापुरात 1877 साली पहिली गिरणी उभी राहिली, जिला आम्ही सारे ‘जुनी गिरणी’ म्हणत आलो, आणि त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांना इथे भाषेबरोबरच कापडाची पारख घरातून मिळाली. वडील कोणत्याही कापडाच्या कडेचा एक धागा उपसून काडीपेटीच्या ज्योतीवर धरायचे. सुती धागा जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरते. कृत्रिम मिसळीचा धागा वितळतो, आक्रसतो आणि त्याचा कडक मणी होतो. मी त्या पिशवीचा धागा जाळून पाहिला आणि मणी झाला. सुती धागा पाणी पिऊन फुगतो, उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या फटी त्यामुळे आवळल्या जातात आणि पाणी गळायचे थांबून नुसते पाझरू लागते. कृत्रिम धागा पाणी पीत नाही, म्हणून फुगत नाही, म्हणून फटी तशाच राहतात. पिशवीचे सारे यश या एका गोष्टीवर उभे आहे, आणि दुकानात उभे राहून तुम्हाला ती एका काडीने तपासता येते.

दुसरी छागल पूर्व भागातील एका ताडपत्री शिवणाऱ्याकडून 280 रुपयांना घेतली. घट्ट विणीचे शुद्ध सुती कापड, कडेला दुहेरी शिवण, शिवणीतही सुती दोरा, तोंडाला लाकडी बूच आणि लटकवण्यासाठी जाड नाडी, इतकाच तिचा थाट. विकणाऱ्याने पैसे घेण्याआधी सांगितले, “सर, लगेच भरून बाहेर नेऊ नका. एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोनदा बदला, मग भरा. खळ निघाल्याशिवाय पाण्याला वास मारतो.” विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला नवे नाही, तरी पाण्याच्या पिशवीशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता. मी दोन दिवस बुडवून ठेवली आणि चार वेळा पाणी बदलले. पहिल्या पाण्याला भिजलेल्या पोत्यासारखा वास होता, चौथ्याला जवळजवळ नव्हता. जवळजवळ म्हणतो, कारण पहिल्या आठवड्यात एक मंद सुती चव पाण्याला राहिली आणि माझ्या पत्नीने त्यामुळे ते पिण्यास नकार दिला. दुसऱ्या आठवड्यापासून तिनेही घेतले.

आता वाटांविषयी. वनविहारात बहुतेक लोक सकाळी ज्या ठरलेल्या रस्त्याने फेरी मारतात, त्याच रस्त्याने मीही वर्षानुवर्षे चालत आलो होतो. त्या फेरीला बाटलीसुद्धा लागत नाही. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडीत शिरणाऱ्या पायवाटा दिसत आणि त्या कुठे जातात हे मला ठाऊक नव्हते. सोलापूरचा मूळ स्वभाव गवताळ माळाचा आहे. नान्नजच्या ज्या माळावर 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, त्या माळाकडे पाहिले म्हणजे ते ध्यानात येते. उथळ मुरमाड जमिनीवर माणसाने लावून वाढवलेल्या झाडीत सावली सगळीकडे सारखी नसते, आणि ही गोष्ट उन्हाळ्यात वाट निवडताना फार महत्त्वाची ठरते. गिरिपुष्पाची झाडे हिवाळ्यानंतर पाने गाळतात, त्यामुळे लांबून दाट दिसणारा पट्टा आत गेल्यावर नुसत्या करड्या काठ्यांचा निघतो. हिवर आणि बाभूळ यांची सावली चाळणीतून पडल्यासारखी विरळ असते. कडुनिंब आणि करंज मात्र ऐन चैत्रात नवी पालवी धरतात आणि वैशाखात त्यांच्याखाली थांबले की श्वास मोकळा होतो. बहाव्याचे पिवळे घोस पाहून कोणी सावलीच्या आशेने त्याच्याकडे वळू नये. फुलोऱ्यात त्याची पाने पुष्कळदा झडलेली असतात. अनोळखी वाटेवर विसावा कुठे मिळेल हे मी पुढे याच खुणांवरून ठरवू लागलो, आणि छागलही तिथेच टांगू लागलो.

पहिल्या दोन फेऱ्या लहान होत्या. सकाळी सातला शिरलो आणि नऊपर्यंत बाहेर आलो. छागलीत घरच्या माठातले पाणी भरले होते आणि तुलनेसाठी एक लिटरची साधी प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने भरून पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती. प्रयोगशाळेत वापरतात तसा काचेचा एक थर्मामीटर माझ्याकडे शाळेच्या दिवसांपासून आहे, तो कापडात गुंडाळून बरोबर घेतला होता. निघताना दोन्हींतले पाणी 27 अंश होते. नऊ वाजता बाटलीतले 33 झाले होते, छागलीतले 25 होते. सकाळच्या कोवळ्या वेळेत इतका फरक पडेल असे मला वाटले नव्हते.

खरी परीक्षा तिसऱ्या फेरीला झाली. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. मुख्य रस्ता सोडून एका पायवाटेने आत गेलो, एक ओढा ओलांडला आणि पुढे वाट तीन ठिकाणी फुटली. तिथे मी ज्या चुका केल्या, त्या सांगतो, कारण अशा झाडीत प्रत्येक रेघ वाट नसते हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला लांब सरळ पट्टा असतो, त्याला जाळरेषा म्हणतात. ती चालायला रुंद आणि सोपी, पण तिच्यावर सावलीचा कण नसतो आणि ती माणसाच्या सोयीसाठी कुठे जात नाही. दुसरी रेघ म्हणजे पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवे खणलेले सलग समतल चर. काही पावसाळे गेल्यावर चर गाळाने भरतो, त्याचा बांध दबतो आणि त्यावर गवत वाळले की तो हुबेहूब वापरातल्या पायवाटेसारखा दिसतो. तिसरी रेघ जनावरांच्या पायांची; ती अरुंद असते, झुडपांखालून वाकून जाते आणि उन्हाळ्यात बहुतेक वेळा पाणवठ्याकडे नेते.

मी चराला पायवाट समजलो. अर्धा तास चाललो. चढ नाही, उतार नाही, पायाला सुख होते, आणि तेच खरे तर चुकल्याचे लक्षण होते, कारण समतल चर टेकाडाला वळसा घालत एकाच पातळीवर फिरत राहतो. बारा वाजून गेले होते. दिशा पाहावी म्हणून काठी जमिनीत उभी रोवली, तर तिची सावली नावालाही पडली नाही. सोलापूर साधारण पावणेअठरा अक्षांशांवर आहे, म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या थोडे आधी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच विरते. ऑगस्टच्या आरंभी हे पुन्हा घडते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते आणि कोणाचे लक्ष जात नाही. वर्गात मी हे अनेकदा शिकवले होते. झाडीत एकट्याने उभे असताना त्याचा अर्थ फार वेगळा लागला: दिशा सांगणारी साधीसुधी खूण त्या घटकेला उपलब्ध नव्हती.

मी एका कडुनिंबाखाली थांबलो. छागल वाऱ्याच्या तोंडाला येईल अशी खालच्या फांदीला टांगली आणि बसलो. झाडीत तांबटाचा टुक टुक असा एकसुरी आवाज चालला होता, बाकी सारे निपचित होते. पाच मिनिटांत छागलीवर एक मधमाशी आली. तिने कापडाभोवती दोन घिरट्या घातल्या आणि खालच्या शिवणीवर, जिथे ओल सर्वांत जास्त होती तिथे, ती टेकली. मी चेहरा वीतभर अंतरावर नेऊन पाहत राहिलो. तिची सोंड दोन धाग्यांच्या मधल्या फटीत रुतली होती, पोट लयीत आत-बाहेर होत होते, आणि पाझरून आलेला थेंब मोठा होऊन खाली पडण्याआधीच ती तो टिपून घेत होती. मग दुसरी आली, आणि पुढे पाच-सहा. उन्हाळ्यात मधमाश्या पोळे थंड ठेवण्यासाठी पाणी नेतात. पोळ्यात ते पसरून पंखांनी वारा घालतात. म्हणजे माझी पिशवी जे करत होती तेच त्या आपल्या घरी जाऊन करणार होत्या. मला त्यांचा काही त्रास झाला नाही; पण छागल पाठीवर घेताना तिच्यावर माशी बसलेली नाही ना हे पाहण्याची सवय वापरणाऱ्याने लावून घ्यावी, आणि ज्यांना दंशाचे वावडे आहे त्यांनी हा दोष गंभीरपणे घ्यावा.

साडेबाराला मी मोजमाप घेतले. सावलीतली हवा 41 अंश. प्लॅस्टिकच्या बाटलीतले पाणी 38, म्हणजे अंघोळीच्या पाण्याइतके. ते घशाखाली उतरते, पण तहान भागवत नाही आणि माणूस नकळत कमी पितो. छागलीतले पाणी 26. ते मी ओंजळीने प्यालो, तोंडावर मारले, पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला, आणि मघापासून चढत आलेली डोकेदुखी उतरू लागली.

तेवढ्यात त्याच चराच्या बाजूने वनखात्याचे एक मजूर आले. साठीच्या आसपासचे असावेत. पाणवठ्यात पाणी सोडून ते परत निघाले होते.

“मामा, ही वाट गेटाकडे जाते का?” मी विचारले.

“वाट न्हाई ओ सर ही, चर हाय,” ते म्हणाले. “असंच गेलात तर फिरून हितंच येताय बगा. चला माज्या मागं.” मग फांदीकडे पाहून थांबले. “छागल हाय व्हय? लई वर्सानी बगितली.”

मी त्यांना पाणी दिले. ते तोंड न लावता, मान वर करून, एका धारेने बरेच पाणी प्याले आणि बूच स्वतः लावून पिशवी माझ्या हातात दिली. रस्त्यापर्यंतची वीस मिनिटे त्यांनी मला वाट ओळखायला शिकवले. माणसाच्या वाटेवर मुरूम दबून गुळगुळीत होतो आणि काट्याच्या फांद्या माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत मोडलेल्या असतात. जनावराच्या वाटेवर त्या गुडघ्याच्या वर तशाच आडव्या येतात. चर खोदताना निघालेली माती एकाच बाजूला, उताराकडे, टाकलेली असते, म्हणून तो कितीही बुजला तरी त्याची एक कड उंच राहते. पुढच्या तीन फेऱ्या मी याच ज्ञानावर केल्या आणि एकदाही चुकलो नाही. पाचव्या फेरीला पाणवठ्याच्या ओल्या कडेवर मोराच्या तीन बोटांचे ठसे इतके ताजे दिसले की त्यांत पाणी अजून भरत होते. ते पाहायला मी ठरलेल्या रस्त्याने कधीच पोहोचलो नसतो.

त्या दिवशी घरी येऊन छागल तराजूवर ठेवली आणि प्यालेल्या पाण्याचा हिशेब वजा केला. साडेपाच तासांत जवळपास पाऊण लिटर पाणी कोणाच्याही पोटात न जाता उडून गेले होते. या वस्तूविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती हीच. छागल पाणी गार ठेवते ते त्याच पाण्याचा काही हिस्सा खर्चून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती उष्णता पिशवीतून व भोवतालच्या हवेतून ओढली जाते. हिशेब मांडला तर दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिलिलिटर पाणी उडाले की एक लिटर पाणी सतरा अंशांनी उतरावे. प्रत्यक्षात बाहेरची गरमी सतत आत शिरत असते, ती थोपवण्यासाठी पाणी उडत राहावे लागते, आणि म्हणून खर्च वाढत जातो. ओळखीच्या वाटेवर हा खर्च परवडतो. अनोळखी वाटेवर परतीची वेळ आपल्या हातात नसते, तेव्हा दोन लिटरची छागल म्हणजे पिण्याचे सव्वा लिटर असे धरूनच निघावे आणि शिवाय एक लिटर पाणी बंद बाटलीत, हात न लावता, राखीव ठेवावे. मी आता तसेच करतो. केवळ छागलीच्या भरवशावर भर दुपारी झाडीत शिरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

हे गार होणे कुठपर्यंत चालते, त्यालाही मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला की तो ज्या अंशावर येऊन थांबतो, त्याच्या खाली छागलीतले पाणी जाऊ शकत नाही. सोलापूरची मे महिन्याची दुपार कोरडी असते. हवा 41 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ती मर्यादा 23 अंशांच्या आसपास येते. म्हणजे सतरा-अठरा अंशांची सवड मिळते. मुंबईत हवा 34 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असताना तीच मर्यादा 28 अंशांच्या थोडी वर असते आणि हाती जेमतेम पाच-सहा अंश लागतात. म्हणून लातूर, धाराशिव, विजापूर, कलबुर्गी, सारा विदर्भ या कोरड्या मुलखांत ही पिशवी निःशंकपणे घ्यावी. कोकणातल्या नातेवाइकांना भेट म्हणून पाठवण्याचा माझा विचार मी सोडून दिला. आमच्याकडेही वळवाच्या पावसानंतरच्या दमट दिवशी तिची धार बोथट झालेली मला दिसली: सहाव्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी गारांसह पाऊस पडला होता आणि दुसऱ्या दिवशी पाणी 29 अंशांच्या खाली उतरलेच नाही.

बाकीचे दोष लहान आहेत, पण आहेत. छागल पाठपिशवीच्या आत ठेवता येत नाही. वारा लागला नाही तर ती नुसतीच ओली पिशवी असते. बाहेर लावली की चालताना हेलकावते, आणि सदरा व पाठ ओली होते. उन्हात ते मला सुखाचे वाटले, पण खिशातला फोन आणि कागद मात्र दुसऱ्या बाजूला ठेवावे लागले. उन्हात टांगलेल्या छागलीतले पाणी सावलीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी गरम राहते, म्हणून विसावा घेताना ती आपल्याआधी सावलीत जायला हवी. तोंड लहान असल्याने आत हात जात नाही. लाकडी बूच कोरडे पडले की आक्रसते आणि चालताना निघून पडते; मी त्याला दोरा बांधून पिशवीच्या कानाशी अडकवला. बोरीच्या काट्याने कापड फाटेल ही भीती मला होती, ती खोटी ठरली, कारण सुती कापड ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक मजबूत असते.

कापड हे गाळणे नाही, हेही लक्षात ठेवावे. ओढ्यातले किंवा पाणवठ्यातले पाणी भरले तर ते गार होईल, शुद्ध होणार नाही. लिंबाचे सरबत छागलीत कधीही भरू नये. साखर आणि रस धाग्यांत बसतो, पाझर बंद होतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते. घामाबरोबर मीठ जाते, ते भरून काढण्यासाठी मी मीठ-साखरेची पुडी आणि एक लिंबू वेगळे नेतो व पेल्यात कालवतो. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर असते. दोन्ही उन्हात बिघडत नाहीत, पण चटणी बेताने खावी, कारण ती पाणी मागते.

इन्सुलेशनच्या स्टील बाटलीशी तुलना अनेकांच्या मनात येईल. घरातून बर्फाचे पाणी भरून न्यायचे असेल, तर ती बाटली पाणी सांडत नाही, उडवत नाही, दिवसभर गार ठेवते, आणि या बाबतीत छागल तिच्यापुढे टिकत नाही. पण तिच्यात फक्त आधीचा गारवा राखला जातो. वाटेत कोमट पाणी पुन्हा भरले तर ते दिवसभर कोमटच राहते. छागलीत वाटेतले नळाचे तापलेले पाणी भरले तरी अर्ध्या-पाऊण तासात ते प्यावेसे होते. किमतीत तर तुलनाच नाही. तासाभराच्या, पाठ असलेल्या फेरीसाठी मात्र दोन्हींची गरज नाही, घरातली कोणतीही बाटली पुरे.

निगेविषयी थोडे. परत आल्यावर उरलेले पाणी झाडांना घालावे आणि छागल उलटी करून, तोंडात एक काडी अडकवून, सावलीत पूर्ण सुकवावी. साबण लावू नये. त्याचा वास आठवडाभर जात नाही. आमच्या बोअरचे पाणी जड आहे आणि ते भरले तेव्हा पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहून कापडाच्या बाहेरच्या अंगावर पांढरट पापुद्रा धरू लागला, पाझरही मंदावला. तेव्हापासून मी उजनीचे नळाचे पाणीच भरतो आणि महिन्यातून एकदा लिंबाच्या पाण्यात पिशवी रात्रभर बुडवून, चोळून, स्वच्छ पाण्याने चार वेळा खंगाळतो. पापुद्रा बहुतेक निघाला आहे.

मृग लागला तेव्हा छागल कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, सुती फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. त्याआधी पूर्व भागात त्याच शिवणाऱ्याकडे जाऊन नातवासाठी एक लिटरची दुसरी शिवायला टाकली आहे. तोंड दोन बोटे अधिक रुंद, बुचाला आधीच दोरी, आणि नाडीऐवजी खांद्यावर आडवा येईल असा चार बोटांचा पट्टा, असे तीन बदल सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले, दर 250 रुपये सांगितला, आणि कापड आणले की धागा जाळून दाखवतो असे आपणहून म्हणाला.